जुन्या ग्रंथांची वाट : मुंबई, पुणे, वाई

मराठीतील जुना ग्रंथ थोड्या पैशांत मिळवायचा असेल, तर तो कोठे छापला गेला, कोणाच्या घरी जाऊन राहिला आणि त्या घरातून कशामुळे बाहेर पडला, या तीन गोष्टींचा माग धरून प्रवास करावा लागतो. मुंबईत एकोणिसाव्या शतकापासून छापखाने होते आणि पुण्यात वाचणाऱ्यांची, लिहिणाऱ्यांची व संशोधकांची घरे होती, तर वाईसारख्या कृष्णाकाठच्या गावात शास्त्राध्ययनाची परंपरा टिकून असल्याने पोथ्या आणि कोशवाङ्मय यांचा साठा झाला. त्यामुळे मुंबईहून पुण्याला आणि तेथून वाईला जाणारा मार्ग जुन्या पुस्तकांच्या शोधासाठी आजही सर्वांत फलदायी ठरतो. येथे ‘जुना ग्रंथ’ ही संज्ञा दोन अर्थांनी वापरली आहे. एक म्हणजे ज्या आवृत्तीचे मुद्रण आता थांबले आहे असे पुस्तक, आणि दुसरा म्हणजे मुद्रण चालू असूनही एका वाचकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाणारी, वापरलेली प्रत. संग्राहकांच्या जगात पहिल्या प्रकाराला मान असतो. परंतु ज्याची मिळकत बेताची आहे आणि ज्याला पुस्तके काचेच्या कपाटात मांडण्यापेक्षा वाचायची आहेत, त्याचा संग्रह मुख्यतः दुसऱ्या प्रकारावर उभा राहतो.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बाहेर पडून दादाभाई नौरोजी मार्गाने दक्षिणेकडे चालत गेले की हुतात्मा चौक लागतो. १८६४ साली उभारलेल्या फ्लोरा फाउंटनच्या परिसरात, विशेषतः तेथून चर्चगेटकडे जाणाऱ्या वीर नरिमन मार्गाच्या पदपथावर, जुन्या तार कार्यालयाच्या कडेने पुस्तकविक्रेत्यांच्या रांगा अनेक दशके होत्या. २००५ मध्ये महापालिकेच्या कारवाईत त्या हटवल्या गेल्या आणि पुढे काही विक्रेते परतले, तरी पूर्वीची दाटी पुन्हा झाली नाही. येथे मराठी पुस्तक क्वचित दिसते. अभ्यासक्रमाची पुस्तके आणि अलीकडच्या इंग्रजी कादंबऱ्या यांचे ढीग पुढे मांडलेले असतात, आणि इंग्रजी अभिजात साहित्याच्या जुन्या प्रती त्या ढिगांच्या तळाशी किंवा मागच्या रांगेत असतात. लंडनच्या जे. एम. डेंट या प्रकाशकाने १९०६ साली सुरू केलेली ‘एव्हरीमन्स लायब्ररी’ ही ग्रंथमाला हातात मावेल अशा आकाराची, कापडी बांधणीची आणि आरंभी एका शिलिंगाला विकली जाणारी होती. जगातील थोर ग्रंथ सामान्य मिळकतीच्या वाचकाला परवडावेत, हा तिचा उघड हेतू होता. १९४६ मध्ये ‘ओडिसी’च्या भाषांतराने सुरू झालेली ‘पेंग्विन क्लासिक्स’ ही माला कागदी बांधणीत त्याच वाटेने गेली. ज्या माला मुळातच स्वस्त राहाव्यात म्हणून निघाल्या, त्यांच्या जुन्या प्रतींना दुर्मिळतेचा भाव येत नाही. म्हणूनच फोर्टच्या पदपथावर अल्पवित्त संग्राहकाने शोधावयाची पहिली वस्तू म्हणजे या मालांचे सुटे खंड होत.

फोर्टमधून उत्तरेकडे वळून धोबी तलाव, काळबादेवी आणि गिरगाव या भागात शिरले की मराठी ग्रंथाच्या जन्मस्थानांचा प्रदेश सुरू होतो. काळबादेवीत १९०५ पासून चाललेले ‘न्यू अँड सेकंडहँड बुकशॉप’ २०११ मध्ये बंद झाले आणि मुंबईतील जुन्या पुस्तकांचे एक भरवशाचे ठिकाण नाहीसे झाले. येथून जवळच्या कोलभाट गल्लीशी जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याचे नाव जोडलेले आहे. जावजींनी १८६४ साली खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये छापखाना सुरू केला. खिळे म्हणजे जुळणीसाठी वापरली जाणारी धातूची सुटी अक्षरे. ती घडविण्यात राणोजी रावजी आरू या कारागिराचा हात असल्यामुळे निर्णयसागरचे देवनागरी इतके सुडौल झाले की देशभरातील संस्कृत पंडित या छापखान्याच्या प्रती मागवीत असत. आज गल्लीत हिंडणाऱ्याला त्या वैभवाची खूण सहज सापडत नाही. तथापि निर्णयसागरच्या संस्कृत ग्रंथांच्या प्रती मोठ्या संख्येने छापल्या गेल्याने त्या अजून बाजारात येतात. १८८६ पासून निघालेल्या ‘काव्यमाला’ या मालेचे सुटे भाग जेथे मिळतील तेथे घेऊन ठेवावेत, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. कारण त्या भागांचे संपादन आणि अक्षरजुळणी यांची बरोबरी नंतरच्या अनेक महागड्या आवृत्त्यांनाही साधलेली नाही.

मुंबईत एक पथ्य पाळावे लागते. जेथे जुनी पुस्तके ‘पुरातन वस्तू’ म्हणून मांडलेली असतात तेथून, म्हणजे चोर बाजारातील मटण स्ट्रीटसारख्या ठिकाणांहून, अल्पवित्त संग्राहकाने शक्यतो लवकर बाहेर पडावे. तेथे भाव चामड्याच्या बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा आणि चित्रांचा असतो. मजकुराला फारसा भाव नसतो. याउलट माटुंग्याच्या माहेश्वरी उद्यानाजवळ, म्हणजे किंग्ज सर्कलच्या पदपथावर, विक्रेता पुस्तकाची किंमत मुख्यतः त्याच्या मागणीवरून ठरवतो आणि जवळपासच्या महाविद्यालयांत ज्या पुस्तकाची मागणी नाही, ते पुस्तक कितीही मोलाचे असले तरी तेथे स्वस्त असते. मागणी आणि मोल यांच्यातील या अंतरावरच गरिबाचा ग्रंथसंग्रह उभा राहू शकतो, आणि हे अंतर ओळखण्यासाठी लागणारे भांडवल पैशाचे नसून माहितीचे असते.

ही माहिती बहुतांशी पुस्तकाच्याच अंगावर लिहिलेली असते. मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या गाडीत मिळणारे तीन-साडेतीन तास घेतलेल्या पुस्तकांची पाने तपासण्यात घालवले, तर पुढच्या बाजारासाठी नजर तयार होते. प्रथम पाहावे ते शीर्षकपृष्ठ आणि त्याच्या पाठीवरील मुद्रणविषयक नोंद. जुन्या मराठी पुस्तकावर प्रकाशनाचे वर्ष पुष्कळदा शालिवाहन शकात दिलेले असते. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. मात्र शकवर्ष गुढीपाडव्याला बदलत असल्यामुळे जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. वर्षाचे पान फाटून गेलेले असेल तर किमतीवरून काळ काढता येतो. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती सुरू झाली. त्यामुळे ज्या पुस्तकाची किंमत रुपये, आणे व पै अशा तीन घरांत छापलेली आहे, ते सामान्यतः त्याआधीचे. आणि जेथे ‘नवे पैसे’ असा उल्लेख आहे, ते १९५७ ते १९६४ या थोड्या वर्षांतील. या खुणेने निदान दशक तरी हाती लागते आणि मलपृष्ठावर चिकटवलेल्या नव्या किमतीच्या चिठ्ठीखालून मूळ किंमत डोकावत असेल, तर पुस्तक किती वर्षे दुकानात पडून होते हेही समजते.

दुसरी खूण लेखनपद्धतीची. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनविषयक नियमांना १९६२ साली शासनाची मान्यता मिळाली आणि उच्चारात नसलेले, केवळ व्युत्पत्तीमुळे किंवा व्याकरणामुळे दिले जाणारे अनुस्वार पुस्तकांतून हळूहळू गेले. त्यामुळे ज्या पानावर नपुंसकलिंगी शब्दांच्या आणि तृतीयेच्या डोक्यावर अनुस्वारांची दाटी आहे, ते पान बहुधा त्यापूर्वी जुळवलेले असते. येथे सावधगिरी हवी, कारण जुन्या जुळणीवरून काढलेली नवी आवृत्तीही तेच अनुस्वार वागवते. किर्लोस्कर छापखान्याच्या नियतकालिकांत ‘इ’ आणि ‘उ’ ही अक्षरे ‘अ’ला वेलांटी व उकार जोडून छापलेली दिसतात. या पद्धतीला स्वरखडी म्हणत आणि सावरकरांनी तिचा पुरस्कार केला होता. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ किंवा ‘मनोहर’ यांचे मुखपृष्ठ हरवलेले अंक रद्दीच्या गठ्ठ्यातून ओळखण्यासाठी ही खूण फार कामी येते.

तिसरी तपासणी पुस्तक पुरे आहे की नाही याची. पुस्तक सुट्या पानांनी छापले जात नाही. मोठ्या कागदावर एकदम आठ किंवा सोळा पाने छापून त्याच्या घड्या घातल्या जातात आणि अशा एका घडीला छापखान्यात फर्मा म्हणतात. जुन्या पुस्तकांत प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अंक छापलेला असतो; ते अंक क्रमाने आहेत एवढे पाहिले की मधला फर्मा गळाला आहे की काय, हे पुस्तक पूर्ण न चाळताही कळते. फर्मे दोऱ्याने शिवलेले असतील तर मुखपृष्ठ गेलेले पुस्तकही घ्यावे, कारण ते कोणत्याही बांधणीवाल्याकडून पुन्हा उभे करून घेता येते. परंतु पाठ कापून पाने गोंदाने चिकटवलेली असतील, तर आतील पाने सुटी झालेली प्रत शक्यतो टाळावी. कागदाच्या बाबतीत नियम उलटा आहे. जुन्नर किंवा दौलताबादजवळचे कागजीपुरा येथे हाताने केलेला चिंध्यांचा कागद शतकानुशतके टिकतो, तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर रूढ झालेला लाकडाच्या लगद्याचा कागद, त्यात उरलेल्या लिग्निन या द्रव्यामुळे आणि शाई पसरू नये म्हणून मिसळलेल्या तुरटी व राळ यांच्या आम्लामुळे, पिवळा पडून ठिसूळ होतो. दुसऱ्या महायुद्धातील कागदटंचाईच्या काळात छापलेली पुस्तके या दृष्टीने सर्वांत दुर्बळ. म्हणजे १९४४ सालचे पुस्तक १८७४ सालच्या पुस्तकापेक्षा आधी मरू शकते, आणि ज्याला चाळीसच्या दशकातील मराठी साहित्याविषयी जिव्हाळा आहे त्याने ही गोष्ट गांभीर्याने घेतली पाहिजे. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) आणि कुसुमाग्रजांचे ‘विशाखा’ (१९४२) याच दशकातील आहेत.

गाडी घाट चढत असताना दक्षिणेला, पेणच्या बाजूस, वरसई नावाचे गाव राहते, आणि जुन्या पुस्तकांच्या वाटेवर त्या गावाचे स्मरण होणे अगत्याचे आहे. तेथील विष्णुभट गोडसे यांनी १८५७च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात केलेल्या भटकंतीचा वृत्तान्त ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध आहे. चिंतामण विनायक वैद्य यांनी तो १९०७ साली प्रथम छापला, पण छापताना भाषेत आणि मजकुरात फेरफार केले. पुढे मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ मध्ये निघाली. संग्राहकांच्या रूढ समजुतीप्रमाणे १९०७ची प्रत अधिक मोलाची, कारण ती पहिली आहे. परंतु गोडसे भटजींचे स्वतःचे शब्द ज्याला वाचायचे आहेत, त्याला १९६६ची, तुलनेने कितीतरी स्वस्त प्रतच घेतली पाहिजे. पहिल्या आवृत्तीचा सोस मराठी संग्राहकांनी विलायती लिलावांच्या बातम्या वाचून लावून घेतला असावा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. मराठी ग्रंथांच्या बाबतीत पाठाची शुद्धता, संपादकाची प्रस्तावना आणि टिपा यांच्यावरून आवृत्तीची निवड करणे अधिक शहाणपणाचे, आणि सुदैवाने अधिक स्वस्तही आहे.

पुण्यातील शोध अप्पा बळवंत चौकापासून सुरू करण्याचा प्रघात आहे. सरदार अप्पा बळवंत मेहेंदळे यांच्या नावाने ओळखला जाणारा बुधवार पेठेतील हा चौक मराठी पुस्तकव्यवसायाचे मोठे केंद्र आहे. तथापि तेथील जुन्या पुस्तकांचा व्यवहार बहुतांशी शालेय व महाविद्यालयीन पुस्तकांचा आहे, आणि जून महिन्यात तर इतर कशालाही जागा उरत नाही. पदवी परीक्षांसाठी नेमलेल्या साहित्यकृती मात्र येथे आवर्जून पाहाव्यात. ‘बनगरवाडी’ (१९५५), ‘रणांगण’ (१९३९), ‘स्मृतिचित्रे’ किंवा ‘कोसला’ (१९६३) यांसारखे ग्रंथ एखाद्या वर्षी अभ्यासक्रमात आले की परीक्षेनंतर त्यांच्या प्रती मोठ्या संख्येने या चौकात परततात, आणि अभ्यासक्रम बदलताच त्यांचा भाव झपाट्याने उतरतो. त्या प्रतींवर शाईने ओढलेल्या रेघा असतात, समासात प्राध्यापकांनी सांगितलेले मुद्दे असतात. अशा खुणांमुळे नाक मुरडणाऱ्यांचा वर्ग आहे. परंतु एखादी पिढी एखादी कादंबरी कशी वाचत होती, याचा इतका प्रत्यक्ष पुरावा दुसरीकडे मिळत नाही, म्हणून प्रस्तुत लेखकाला त्या प्रती अधिक प्रिय वाटतात.

बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार हे पुण्यातील दुसरे ठिकाण. लोखंडी अवजारे, नाणी, कुलपे, घड्याळे आणि यंत्रांचे सुटे भाग यांच्या पसाऱ्यात एखाद्या चादरीवर पुस्तके मांडलेली असतात. येथे भाव पुस्तकाच्या नावावर ठरत नाही. विक्रेता ढिगाचा विचार करतो. त्यामुळे एकच पुस्तक उचलून त्याची किंमत विचारण्यापेक्षा चार-पाच पुस्तके एकत्र करून भाव विचारणे सोयीचे, आणि ज्या पुस्तकासाठी हात आतुर झाला आहे त्याच्यावर नजर फार वेळ न ठेवणेही सोयीचे. घासाघीस करावी, पण किती करावी याला मर्यादा असली पाहिजे. उन्हात दिवसभर बसणारा विक्रेता ज्ञानकोशाचा खंड रद्दीच्या कारखान्याकडे न पाठवता चादरीवर मांडतो, तेव्हा तो त्या खंडाला आणखी एक संधी देत असतो, आणि तेवढ्या कामाचा मोबदला त्याला मिळणे न्याय्य आहे.

ज्ञानकोशाचा उल्लेख येथे सहेतुक केला आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२० ते १९२७ या काळात प्रसिद्ध केलेला ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ २३ खंडांचा आहे. तो वर्गणीदारांच्या घरी खंडाखंडाने पोहोचला, वारसांमध्ये वाटला गेला आणि घरे बदलताना विखुरला. संपूर्ण संच मिळाला तर त्याची किंमत अल्पवित्ताच्या आवाक्याबाहेर असते; परंतु सुटा खंड कोणाला नको असल्यामुळे तो जवळजवळ कागदाच्या भावाने जातो. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या २२ खंडांची आणि गो. स. सरदेसाई यांच्या ‘रियासती’च्या भागांचीही हीच स्थिती आहे. सुटे खंड वर्षानुवर्षे जमवून संच पुरा करणे हा गरीब संग्राहकाला उपलब्ध असलेला सर्वांत आनंददायक मार्ग आहे. त्यासाठी आपल्याकडे कोणते खंड आहेत आणि कोणते नाहीत, याची यादी नेहमी खिशात असावी लागते. केतकरांच्या कोशाचे पहिले पाच खंड प्रस्तावनाखंड असून ते स्वतंत्र ग्रंथ म्हणूनही वाचता येतात, म्हणून आरंभ त्यांच्यापासून करावा.

पुण्याच्या पेठांतील जुने वाडे पाडून तेथे इमारती उभ्या राहू लागल्या, तेव्हापासून मोठमोठे घरगुती संग्रह रद्दीत जाण्याचे प्रमाण वाढले. वाड्यातील माळ्यावर पन्नास वर्षे पडून राहिलेली पुस्तके दोन खोल्यांच्या सदनिकेत मावत नाहीत, आणि ती वाचणारी व्यक्ती हयात नसते. परिसरातील रद्दीवाल्याकडे गठ्ठा येतो आणि तेथून तो दोन-तीन दिवसांत पुढे जातो. या थोड्या दिवसांत जो तेथे पोहोचतो, त्याला १९०९ पासून सुरू झालेल्या दिवाळी अंकांच्या परंपरेतील जुने अंक, वर्षभराचे अंक एकत्र बांधलेली मासिके, ‘सत्यकथा’चे गठ्ठे किंवा दीनानाथ दलाल यांच्या मुखपृष्ठांची पुस्तके किलोच्या भावाने मिळू शकतात. रद्दीवाल्याशी ओळख ठेवणे, त्याला आपल्याला काय हवे ते सोप्या शब्दांत सांगून ठेवणे आणि त्याने बाजूला काढून ठेवलेले गठ्ठे, त्यात मनासारखे काही नसले तरी, अधूनमधून घेणे, या गोष्टी कोणत्याही पुस्तकविक्रेत्याशी असलेल्या परिचयाहून अधिक उपयोगी पडतात.

याच गठ्ठ्यांत ग्रंथालयांचे शिक्के असलेली पुस्तकेही येतात, आणि त्यांच्याबाबत संग्राहकाने कठोर राहिले पाहिजे. सार्वजनिक ग्रंथालये जीर्ण किंवा जादा झालेली पुस्तके रीतसर नोंदवहीतून कमी करतात आणि तशी खूण पुस्तकावर सहसा असते. ती खूण नसेल तर पुस्तक ग्रंथालयातून परत न आलेले असण्याचा संभव असतो. १८४८ साली स्थापन झालेले पुणे नगर वाचन मंदिर, १८९३चे ठाण्यातील मराठी ग्रंथसंग्रहालय आणि १८९८चे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय यांसारख्या संस्थांवर मराठी वाचकांच्या अनेक पिढ्या पोसल्या आहेत. अशा संस्थेचे पुस्तक स्वस्तात मिळाले म्हणून आनंद मानणे अनुचित होय. ते विकत घेऊन संस्थेला परत नेऊन देणे हाच त्याचा योग्य उपयोग.

जुन्या बाजारातून पुणे स्थानकाकडे जाताना टपाल कार्यालयाजवळ फोटोझिंको मुद्रणालयाच्या आवारात शासकीय ग्रंथागार आहे. मुंबईतील असेच ग्रंथागार चर्नी रोडला आहे. जुन्या पुस्तकांच्या शोधात निघालेले लोक येथे सहसा येत नाहीत, कारण येथील पुस्तके नवी असतात. तरीही अभिजात मराठी ग्रंथ सर्वांत कमी किमतीत आणि चांगल्या संपादनासह येथेच मिळतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९६९ साली धनंजय कीर व स. गं. मालशे यांच्या संपादनाखाली ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ प्रसिद्ध केले, तेव्हा १८७३चा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ इतर लेखनासह सामान्य वाचकाच्या हाती आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनाचे व भाषणांचे इंग्रजी खंड १९७९ पासून शासनानेच काढले. तुकारामांच्या अभंगांची शासनाने काढलेली गाथा ज्या आवृत्तीच्या आधाराने सिद्ध झाली, ती इंदुप्रकाश छापखान्याची आवृत्ती १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत निघाली होती आणि तिच्यासाठी तत्कालीन सरकारने २४ हजार रुपये मंजूर केले होते. त्या मूळ आवृत्तीची प्रत बाजारात आली तर ती घेण्याची ऐपत फार थोड्यांची. पण तिच्या आधाराने तयार झालेली गाथा मात्र वारकऱ्यालाही परवडावी अशा किमतीत दिली गेली. खासगी प्रकाशकांच्या स्वस्त पुनर्मुद्रणांबाबत मात्र सावध असावे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे हरि नारायण आपटे, केशवसुत, लोकमान्य टिळक आणि २०११ पासून साने गुरुजी यांचे लेखन कोणीही छापू शकतो, आणि या मोकळिकीचा फायदा घेऊन निघालेल्या काही आवृत्त्यांत प्रस्तावना गाळलेल्या, परिच्छेद तोडलेले आणि मुद्रितशोधन न केलेले आढळते. अशा नव्या प्रतीपेक्षा पन्नास वर्षांपूर्वीची मळकी प्रत केव्हाही चांगली.

स. गं. मालशे यांचे नाव आणखी एका कारणासाठी घेणे आवश्यक आहे. ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ साली पुण्यात छापला गेला आणि पुढे जवळजवळ विस्मरणात गेला. मालशे यांनी तो १९७५ मध्ये पुन्हा प्रसिद्ध केला, आणि आज मराठीतील स्त्रीविषयक विचारांचा कोणताही इतिहास त्याला वगळून लिहिता येत नाही. कोणताही जुना, पातळसा, अनोळखी लेखिकेचा किंवा लेखकाचा निबंध केवळ नाव ठाऊक नाही म्हणून ढिगात परत टाकण्यापूर्वी या उदाहरणाचे स्मरण ठेवावे. अनोळखी पुस्तक ओळखण्यासाठी शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’सारखे साधन नाही. १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची नोंद करणारा तिचा पहिला भाग १९४३ मध्ये आणि १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा भाग १९६१ मध्ये निघाला. एका व्यक्तीने अक्षरशः आयुष्य वेचून केलेल्या या कामाइतके मराठी ग्रंथसंग्राहकांवर दुसऱ्या कशाचेही उपकार नाहीत.

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने जाऊन वळले की वाई येते. वाईत पदपथावर पुस्तके मांडलेली नसतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे काम येथून चालले. प्राज्ञपाठशाळेने धर्मकोशासारखे प्रकल्प चालवले. अशा गावात घरोघर पुस्तके असणार हे उघड आहे, पण ती विकायला काढलेली नसतात. पोथ्या, म्हणजे लांबट आकाराच्या सुट्या पानांचे न शिवलेले ग्रंथ, आणि शिळाछापाची पुस्तके, म्हणजे गुळगुळीत दगडावर अक्षरे उमटवून त्यावरून छापलेली, कित्येकदा मोडी लिपीतील पुस्तके, अजूनही कृष्णाकाठच्या घरांत आहेत. ज्याच्याकडे पैसे नाहीत अशा संग्राहकाने येथे खरेदीची भाषा करू नये. त्याने ती पाहावीत, परवानगी असेल तर शीर्षकपृष्ठाची नोंद किंवा छायाचित्र घ्यावे आणि घरच्यांना त्यांची जपणूक कशी करावी ते सांगावे. कसर या किडीला कागदापेक्षा बांधणीतील खळ अधिक आवडते. म्हणून पुस्तके भिंतीपासून थोडी दूर, वारा खेळेल अशी ठेवावीत आणि पावसाळ्यानंतर प्रत्येक पुस्तक काढून झटकावे. कडक उन्हात वाळवू नये, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, कारण तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून अक्षरे खातो. गव्हाच्या खळीने लावलेला पातळ कागद पुरेसा असतो आणि तो पुढे पाण्याने सोडवताही येतो.

वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीकडे गेले की जवळच भिलार आहे. २०१७ पासून हे गाव ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखले जाते. त्याची कल्पना वेल्समधील हे-ऑन-वाय या गावावरून घेतली आहे, जेथे रिचर्ड बूथ यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभापासून जुन्या पुस्तकांची दुकाने उभी केली. दोहोंत मोठा भेद आहे. हे-ऑन-वाय हे विक्रीचे गाव आहे, तर भिलारमध्ये लोकांनी आपल्या घरांच्या खोल्या विषयवार पुस्तकांसाठी दिल्या असून तेथे बसून कोणीही विनामूल्य वाचू शकतो. तेथे विकत घेण्याजोगे काही नसल्याने संग्राहक तिकडे दुर्लक्ष करतात. परंतु जी पुस्तके विकत घ्यावीत की नाहीत याविषयी मन दोलायमान आहे, ती आधी वाचून पाहण्याची अशी सोय मुंबई-पुण्याच्या बाजारात कोठेही नाही. खिशातील यादी घेऊन तेथे दोन दिवस राहिल्यास तिच्यातील बरीच नावे खोडली जातात, काही नवी चढतात, आणि परतीच्या वाटेवर येणाऱ्या बुधवारच्या बाजारात नेमके काय शोधायचे ते ठरलेले असते.